कलम पहिलं

बुगनव्हिल बेटावर आमच्या बोलीत मावशीला वेगळा शब्द नाही.
आईची बहीण ती आईच.
माय मरो नि मावशी उरो म्हणायची सोयच नाही.
तर पर्पेटुआ नासिको माझी आई,
आणि मी तिचा ड्रायव्हर.

ट्रक खोबरेलावर चालायचा.
नाकेबंदीत डिझेल नव्हतं, क्विनाइन नव्हतं, मीठ नव्हतं,
नारळ तेवढे होते.
आम्ही जायचो तिथे मागे तळणीचा वास उरायचा
आणि पोरं धावत यायची, काही खायला आलं म्हणून.

लढाईआधी ती प्रांतिक सभेत होती,
पाण्याच्या पाइपांसाठी भांडायची.
पाइप आले तेव्हा पोरांनी ते कापून बंदुका केल्या.
माझं एकुलतं एक विकासकाम, म्हणायची,
आणि त्यालाही घोडा बसवला.

अशाच एका पाइपाने तिचा अँब्रोस गेला.
मारणारे डोंगरापलीकडचे, आपल्यातलेच.

बोलणी परमुलखात, थंडीत, एका लष्करी छावणीत.
आमच्यात कुणाकडेच मोजे नव्हते.
समोरच्या सरकारी कर्नलने आपले जास्तीचे दिले.
ते घालून ती त्याच्याशीच चार तास भांडली.

पेपरवाले तिला शांतिदूत लिहायचे.
दूत कसली, बाजारबाई.
रताळ्यांच्या ढिगाशी बसावं तशी शब्दांशी बसायची:
'ताबडतोब' देते, 'कायमचं' काढा.
'शरण' खोडा, 'घरी परत' लिहा.
रात्री आमचेच लोक दाराशी येऊन म्हणाले,
विकलंस आम्हाला.
ती म्हणाली, हो, आणि भावही बरा आला नाही.

तिसऱ्या रात्री पलीकडच्यांचा म्होरक्या आला.
लिनुस पोकाई. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत;
घरगुती बंदूक कधी मागेही फुटते.
मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, आता.
आता काय, ते मला आजही सांगता येत नाही.
तिने चष्मा पुसला.
विचारलं, कुठे पुरलाय?
तो टेबलाकडे बघत राहिला. खूप वेळ.
मग म्हणाला, नदीच्या वळणावर, नीरफणसाखाली.
दगड ठेवलाय.

सकाळच्या मसुद्यात बंदुकांच्या आधी,
कैद्यांच्या, खाणीच्या आधी,
कलम पहिलं:
कोण कुठे पुरलाय ते ज्याने त्याने सांगावं.
वकील म्हणाले, क्रम चुकतोय.
ती म्हणाली, तुमचा.

माफ केलंस का, मी एकदा ट्रकमध्ये विचारलं.
पुढे बघ, म्हणाली, पूल नाहीये.

शांततेनंतरची दुसरीच निवडणूक ती हरली,
दोनशे बारा मतांनी, त्याच पुलापायी.
मी स्टिअरिंगवर मूठ आपटली.
ती हसत होती.
पुलावरून पाडलं रे मला, केवढी ही चैन.

लिनुस दर वर्षी यायचा, अँब्रोसच्या दिवशी.
ओली सुपारी, चुना, वेलीची शेंग.
आणलेली सुपारी दोघांनी समोरासमोर फोडून खाल्ली
की मिटलं, अशी आमच्यात रीत.
ती घ्यायची. त्याला चहा द्यायची.
पुलाचं, मतांचं, गुडघ्यांचं बोलायची.
तो गेला की सुपारी बिस्किटांच्या डब्यात.

ती गेली त्या आठवड्यात मी डबा काढला.
आत सगळ्यांचे खडे झालेले, हलवला की वाजणारे.
वीस वर्षं. दोनदा मोजल्या.
एकोणीस.

एखाद्या वर्षी तो आला नसेल.
नाहीतर एखाद्या रात्री, दार लावून, एकटीनेच.

मातीच्या वेळी लिनुस होता.
तीन बोटांच्या हाताने ढेकळं लोटत होता,
मोठी आधी फोडून.
मी त्याला विचारलं नाही.